पूर्ण किंमत न देणाऱ्या काकू

काकू माझ्यावर पहिल्यांदा नाराज झाल्या त्या एका साबणावरून. मी गुरुग्राममध्ये नोकरीला लागले होते आणि त्यांच्या फ्लॅटमधली मागची खोली भाड्याने घेतली होती. सामान अजून बॅगेतच होतं. खालच्या दुकानातून साबण आणून मी बेसिनवर ठेवला. काकूंनी तो उचलला, वेष्टनावरची किंमत वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"एवढ्यालाच घेतलास?"

"हो. का?"

"म्हणजे छापलेल्या किमतीला?"

मी मान हलवली. आपण काहीतरी चोरून आणलंय असं मला उगाचच वाटायला लागलं. काकूंनी साबण जागेवर ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन आमटीखालचा गॅस बारीक करून आल्या, जेवणाच्या टेबलापाशी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बस. फोन काढ."

मग तासभर माझी शिकवणी झाली. दुकानाचं हजार रुपयांचं गिफ्ट कार्ड एखाद्या ॲपवर साडेनऊशेला मिळतं. ते क्रेडिट कार्डाने घेतलं तर त्यावर पॉइंट पडतात. आणि त्या ॲपवर थेट न जाता कॅशबॅक देणाऱ्या साइटवरून गेलं, तर वरून आणखी थोडे पैसे खात्यात परत येतात. "लोक समोरच्या दाराने जातात आणि बाहेर येतात," काकू म्हणाल्या. "बाजूला अजून दोन दारं असतात. कुणी सांगत नाही, एवढंच."

त्या ठेंगण्या होत्या. दिल्लीत राहून सलवार-कमीज अंगवळणी पडला होता, पण कपाळावरची टिकली मात्र साताऱ्याचीच, ठसठशीत. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. पर्समध्ये दोन फोन, एक रोजचा आणि एक जुना, फक्त ओटीपी येण्यासाठी ठेवलेला. सुपरमार्केटमध्ये बिलाचा आकडा झाला की त्या तिथेच उभं राहून तेवढ्याच रकमेचं कार्ड विकत घ्यायच्या. मागे रांग खोळंबायची. कुणीतरी म्हणायचंच, "आंटी जी, आज ही होगा क्या?"

काकू वळून म्हणायच्या, "बेटा, तुम्हारा भी करा दूँ? दो मिनट लगेंगे." आणि खरंच करून द्यायच्या. आमच्या सोसायटीतली निम्मी माणसं अशी रांगेत ओळखीची झालेली होती. लिफ्टमध्ये लोक त्यांना तब्येतीच्या आधी ऑफर विचारत.

त्यांना कंजूष म्हटलेलं मात्र अजिबात खपायचं नाही. "कंजूष माणूस वस्तू घेतच नाही," त्या म्हणायच्या. "मी घेते. फक्त पूर्ण किंमत देत नाही." आणि हे खरं होतं. घरात चांगला चहा, चांगलं तूप, दिवाळीला कामवालीच्या मुलींना नवे कपडे, सगळं असायचं. काकांच्या कानाचं महागडं यंत्रही त्यांनी वर्षभर पॉइंट साठवून घेतलं होतं. काका ते बहुतेक वेळा डबीतच ठेवत, ही गोष्ट वेगळी.

एकदा गेटवरच्या भाजीवाल्याशी मी मटारावरून घासाघीस करत होते. काकूंनी माझी बाही ओढली. आम्ही घरी आलो. मग मटार परातीत ओतताना म्हणाल्या, "घासाघीस कंपनीशी करायची. माणसाशी नाही."

"मग वर फुकटची कोथिंबीर तरी घ्यायची का?"

"ती तो आपणहून देतो. ती घ्यायची. नाही घेतली तर त्याला वाईट वाटतं."

मटार सोलता सोलताच काकू जुनं काही सांगत. दिल्लीच्या थंडीत किलोकिलो मटार सोलावे लागतात, त्यामुळे मला बरंच ऐकायला मिळालं. लग्न होऊन त्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आल्या. काका केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात होते. पगार एक, आणि काकांच्या धाकट्या बहिणींची लग्नं व्हायची होती. "तिथे सगळ्यांचा पगार सगळ्यांना माहीत असतो," काकू म्हणाल्या, "त्यामुळे खोटी ऐट करायची सोय नाही. एका परीने बरं असतं." त्यांनी पुढची शेंग फोडली. "मुलाला बूट घ्यायला गेलो की मी आधी किमतीची चिठ्ठी बघायची, मग बूट. तो आधी बूट बघायचा, मग माझं तोंड."

हा मुलगा आता टोरांटोत होता. एकुलता एक. हॉलमध्ये त्याचा पदवीच्या झग्यातला फोटो होता आणि फोटोखाली एक छोटं घड्याळ, तिकडची वेळ लावलेलं. त्याचा फोन क्वचितच यायचा. मेसेजही त्रोटक. "बिझी आहे", "नंतर बोलतो", "all ok". काकू संध्याकाळी फोन हातात घेऊन बसत तेव्हा त्या ऑफर बघतायत असंच मला वाटे. एकदा पाणी द्यायला गेले तर त्यांच्यासमोर मुलाचं नाव उघडं होतं आणि त्याखाली 'ऑनलाइन' असं दिसत होतं. त्या काही लिहीत नव्हत्या. बघत होत्या.

परदेशी जायच्या आधी त्याने ऑफिसातल्या मित्रांना जेवायला नेलं होतं, आईवडिलांनाही बरोबर घेऊन. गुरुग्राममधल्या एका मॉलमधलं मोठं हॉटेल. मुलगा बिल देणार म्हणून काकूंनी आदल्या दिवशीच त्या हॉटेलचं व्हाउचर घेऊन ठेवलं होतं. बिल आलं. वेटर म्हणाला, शनिवारी हे चालत नाही. काकूंनी अटी काढून दाखवल्या. वेटरने मॅनेजरला बोलावलं. मॅनेजरने आणखी कुणाला तरी फोन लावला. मित्र आपापल्या फोनमध्ये बघायला लागले. मुलाने उठून आपलं कार्ड दिलं, पूर्ण बिल भरलं आणि गाडीत बसल्यावर म्हणाला, "आई, यार, एक दिवस. एक दिवस तर सोड."

हे काकूंनीच मला सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "चालायला हवं होतं ते व्हाउचर. अटींमध्ये शनिवार कुठेही नव्हता." मग परात उचलून आत गेल्या.

काकांबद्दल सांगण्यासारखं फार नाही, कारण काका बोलतच नसत. "आयुष्यभर फायलींवर शेरे लिहिले," काकू म्हणायच्या, "शब्द सगळे तिथेच संपले." सकाळी पेपर, संध्याकाळी सोसायटीच्या बागेत दोन फेऱ्या. फोनला ते हात लावत नसत. काकूंच्या खटपटींबद्दल त्यांचं काय मत होतं, ते मला कधीच कळलं नाही. फक्त कधी बाहेर जायचं असलं आणि काकूंचं ॲप अडकलेलं असलं, तर काका चपला घालून दाराशी उभे राहत. काकूंचं होईपर्यंत तसेच उभे राहत.

होळी नुकतीच होऊन गेली होती. मी ऑफिसातून आले तर घरभर तुपाचा वास. काकूंनी शिरा केला होता. केशर घालून.

"आज कुणाचा वाढदिवस?"

"कुणाचा नाही. हात धुऊन ये." त्यांचा चेहरा उजळला होता. "आज मुलाचं एक काम केलं."

दुपारी मुलाचा मेसेज आला होता, त्याच्याच नंबरवरून, त्याच्याच फोटोसकट. कामासाठी तो अचानक दुसऱ्या शहरात निघाला होता. कंपनीच्या भारतातल्या लोकांना भेट म्हणून गिफ्ट कार्डं द्यायची होती, इथली, लगेच. त्याचं कार्ड तिकडून चालत नव्हतं. 'आई, तुला यातलं सगळं कळतं, तूच करू शकतेस,' असं त्याने इंग्रजीत लिहिलं होतं. विमानात बसतोय, फोन करू नको, कोड पाठवून दे.

"आणि मी नुसती घेतली नाहीत हं," काकू मला वाढता वाढता म्हणाल्या. "चार ठिकाणी बघून घेतली. त्याचे चांगले पैसे वाचवले."

रक्कम त्यांनी सांगितली. काकांच्या दोन महिन्यांच्या पेन्शनएवढी होती.

मी मेसेज बघायला मागितला. त्यांनी हौसेने फोन पुढे केला. मी वाचला, परत वाचला. शिऱ्याची बशी खाली ठेवली. म्हटलं, "काकू, आपण त्याला फोन करू या का?"

"आत्ता उतरला असेल. दमला असेल."

मी माझ्या फोनवरून लावला आणि स्पीकर चालू केला. बरीच घंटा वाजल्यावर दमलेला आवाज आला. "कौन?"

मी कोण ते सांगितलं. तो म्हणाला, "अरे हां, काही मेसेज आला काय तिकडे? माझं अकाउंट हॅक झालंय रात्रीपासून. मी सगळ्यांना सांगतोच आहे."

काकू हातात पळी घेऊन उभ्या होत्या. "तू विमानात होतास ना?"

"कसलं विमान? घरी आहे मी. आई, तू काही पाठवलं नाहीस ना?"

काकूंनी पळी खाली ठेवली. मीच सांगितलं. त्याचा आवाज चढला. "आई, यार! ये सब तुला माहीत नाही काय? दिवसभर तू हेच करत असतेस ना? कोई भी मागणार आणि तू देऊन टाकणार?"

"कोणीही नाही," काकू म्हणाल्या. "तू मागितलंस."

त्यानंतर जे करायचं ते सगळं आम्ही केलं. सायबर हेल्पलाइनला फोन, ऑनलाइन तक्रार, दुसऱ्या दिवशी पोलीस ठाणं. तिथला अधिकारी सभ्य होता. काकूंना खुर्ची दिली, पाणी मागवलं. "माता जी, कार्ड तो उसी समय इस्तेमाल हो गए," असं त्याने हळू आवाजात सांगितलं. काकूंनी काहीही लपवलं नाही. कुठून घेतली, कितीला घेतली, किती सूट मिळाली, सगळं विचारण्याआधीच सांगितलं. सवलतीचा आकडा ऐकून शेजारच्या टेबलावरचा शिपाई हसला. अधिकाऱ्याने त्याच्याकडे पाहिल्यावर तो खाली बघायला लागला.

परतताना टॅक्सीत काकू मला म्हणाल्या, "तिकडे पहाट होती हे मला माहीत होतं गं. घड्याळ समोरच आहे. मला वाटलं, एवढ्या पहाटे, निघायच्या घाईत, त्याला मी आठवले."

काका पुढच्या सीटवर होते. त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही. यंत्र डबीत होतं की कानात, ते मला मागून दिसत नव्हतं.

काही दिवसांनी आम्ही तिघं चहा घेत होतो. टेबलावरचा काकूंचा फोन वाजला आणि त्यावर रंगीत फुगे उडाले. त्या कार्डांच्या खरेदीचा कॅशबॅक खात्यात जमा झाला होता. अभिनंदन, असं लिहिलं होतं. काकूंनी ते शेवटपर्यंत वाचलं. फोन पालथा ठेवला आणि उरलेला चहा सिंकमध्ये ओतून आल्या.

त्या दिवसापासून त्यांनी सगळं सोडलं. ॲप काढून टाकली. जुना फोन कपाटात गेला. खालच्या दुकानातून त्या छापलेल्या किमतीला, रोख पैसे देऊन सामान आणू लागल्या आणि उरलेली चिल्लर न मोजता पर्समध्ये टाकू लागल्या. लिफ्टमध्ये कुणी विचारलं तर, "अब नहीं करती, बेटा," एवढंच. झालेला प्रकार त्यांनी सोसायटीत कुणाला सांगितला नव्हता, पण आपण लोकांना काही शिकवावं असं आता आपल्यापाशी राहिलेलं नाही, हे त्यांनी मनात पक्कं केलं होतं. त्यांची चालसुद्धा बदलली. दुकानात त्या आता काउंटरच्या कडेला, मागच्याला पुढे जाऊ देत उभ्या राहत.

मुलाचे फोन मात्र सुरू झाले. दर रविवारी, संध्याकाळी, न चुकता. पूर्वी ज्यासाठी काकू जीव टाकत होत्या ते आता होत होतं, पण तो चौकशी करायला फोन करत होता. कुठली लिंक उघडली काय? कुणाला ओटीपी सांगितला? बाबांच्या खात्याचे मेसेज माझ्याकडे येतील असं करून घे. काकू उभ्यानेच उत्तरं देत. "नाही. नाही. हो. करते." त्याच्या मनात काळजीच होती, याबद्दल मला शंका नाही. पण फोन ठेवल्यावर काकू हेडमास्तरांच्या खोलीतून बाहेर आल्यासारख्या दिसत.

एका दुपारी काका माझ्या खोलीच्या दाराशी आले. मी घरूनच काम करत होते. त्यांनी हळूच विचारलं, "ते कार्ड कसं घेतात?"

मी ॲप परत घालून त्यांना बसवून दाखवलं. त्यांनी कागदावर पायऱ्या लिहून घेतल्या. फोन काकूंचा, चष्मा कपाळावर. मला मीटिंग होती म्हणून मी उठले आणि पुढचं त्यांनी एकट्याने केलं. संध्याकाळी त्यांनी काकूंसमोर फोन ठेवला. "दहा टक्के सूट मिळाली," ते म्हणाले. एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून क्वचितच ऐकलं असेल.

काकूंनी बघितलं. "अहो, हे कुत्र्यांच्या खाण्याच्या दुकानाचं आहे."

काका खाली बघत राहिले. मला वाटलं, आता त्या हसतील. निदान चिडतील, दुकान कसं ओळखायचं ते सांगतील. काकूंनी फोन त्यांच्याकडे सरकवला. "राहू द्या," त्या म्हणाल्या, आणि पोळ्या करायला गेल्या.

काकांनी ते कार्ड वाया जाऊ दिलं नाही. कुत्र्यांच्या खाण्याची एक पिशवी आणली. बागेतल्या फेऱ्या संपल्या की ते गेटबाहेरच्या कुत्र्यांना मूठमूठ घालत. कुत्री त्यांची वाट बघू लागली.

काकू पुढे परत ऑफर बघायला लागल्या, पण त्याला बरेच महिने गेले आणि ते नेमकं कसं झालं हे मला सांगता येणार नाही. मला आठवतो तो त्याआधीचा एक रविवार.

फोन आला. नेहमीसारखा स्पीकरवर. काकू नेहमीसारख्या उभ्या. मुलाने विचारायला सुरुवात केली. बँकेत जाऊन आलात काय? नवीन पासवर्ड कुठे लिहून तर नाही ठेवला? आवाज बसलेला होता, मध्येच खोकत होता. काकू म्हणत होत्या, "नाही. हो." काका पेपर वाचत होते. त्यांनी पेपरची घडी केली, उठले, काकूंच्या हातातून फोन घेतला. मी त्या घरात राहायला आल्यापासून त्यांना मुलाशी फोनवर बोलताना पाहिलं नव्हतं.

"तिला विचारू नकोस," काका म्हणाले.

"बाबा? मी तर फक्त तुमच्या सेफ्टीसाठी..."

"तिला विचारू नकोस. तिच्याकडे काहीतरी माग."

काकू नवऱ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर राग होता की भीती, ते मला ओळखता आलं नाही. काकांनी फोन टेबलावर ठेवला आणि तिथेच उभे राहिले.

बऱ्याच वेळाने मुलाचा आवाज आला. जरा लहान झालेला. "आई, वो... मी आजारी पडलो की तू ते बनवायचीस ना. पतलं, तांदळाचं. नाव विसरलो मी."

"पेज?"

"हां. पेज." त्याला खोकल्याची उबळ आली. "इथे काही खायला जात नाही. ते कसं बनवतात?"

"ताप आहे तुला?"

तो परत खोकला.

"किती आहे? कधीपासून?"

"आहे थोडा. हफ्ताभर झाला. बोललो नाही तुला, तू आधीच..." त्याने वाक्य सोडून दिलं.

काकूंनी फोन उचलला आणि स्वयंपाकघरात गेल्या. आम्ही दोघं मागोमाग. त्यांनी फोन तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला, व्हिडिओ लावायला सांगितला. तिकडे एक पसारा झालेलं स्वयंपाकघर दिसलं, सिंकमध्ये भांडी, आणि दाढी वाढलेला, शाल पांघरलेला एक माणूस. हॉलमधल्या फोटोशी त्याचं काही साम्य राहिलं नव्हतं.

"तांदूळ आहे ना घरात? मूठभर घे. धू. आता तुपावर परत जरा. तूप नसलं तर बटर चालेल."

"किती परतू?"

"वास येईपर्यंत."

"आई, मला वास येत नाही. सर्दी आहे."

"मग मी सांगते. मला दाखव." आणि त्यांनी आपल्याकडचं पातेलं काढलं, गॅसवर ठेवलं, त्यातही मूठभर तांदूळ टाकला. त्यांच्या पातेल्यातल्या तांदळाचा वास सुटला तसं त्या म्हणाल्या, "हां. आता पाणी घाल. भरपूर. घाबरू नकोस, घाल."

तिकडे त्याने पाणी घातलं, इकडे काकूंनी. मीठ किती, झाकण ठेवायचं की नाही, उतू गेलं तर काय करायचं, तो एकेक विचारत होता आणि काकू सांगत होत्या. काका दाराच्या चौकटीला टेकून उभे होते.

आमच्या घरात कुणालाच ताप नव्हता. पण त्या रविवारी जेवायला आम्ही तिघांनी पेजच खाल्ली.